बुटावरचा गेंडा आणि रानातला माणूस

९ एप्रिल २०२१ रोजी चेन्नईत आयपीएलच्या त्या वर्षीच्या हंगामाचा पहिला सामना झाला. मुंबई इंडियन्सचा कर्णधार रोहित शर्मा त्या सामन्यात जे बूट घालून मैदानात उतरला, त्यांवर एकशिंगी गेंड्याचे चित्र होते आणि गेंडा वाचवण्याचे आवाहन होते. पुढच्या सामन्यांत त्याच्या बुटांवर प्लास्टिकमुक्त समुद्र आला, मग प्रवाळ आले. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थेने २०१८ मध्ये रोहितला गेंडारक्षणाचा दूत केले होते. बुटांवरचे चित्र हा त्याच कामाचा पुढचा भाग. वर्तमानपत्रांनी कौतुक केले, चाहत्यांनी छायाचित्रे एकमेकांना पाठवली, आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मते तो तिथे संपू नये. कविता, आत्मकथन आणि चळवळीचे प्रश्न यांच्या शेजारी क्रिकेटपटूच्या बुटांची समीक्षा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण बूट हाही मजकूरच आहे. मी ज्या वर्गाला मराठी शिकवतो, त्या वर्गातल्या मुलांनी वर्षभरात जेवढ्या कविता वाचल्या असतील, त्याहून अधिक वेळा हा मजकूर त्यांच्या डोळ्यांपुढून गेला आहे. तीनशे प्रती निघालेल्या संग्रहावर आठ पाने लिहायची आणि कोट्यवधी लोक जे पाहतात त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे.

शिवाय मी श्रीरामपुरात राहतो. झहीर खान याच गावात जन्मला. कसोटीत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१ बळी हे आकडे इथल्या मुलांना पाढ्यांसारखे येतात. रोहितने ते बूट घातले तेव्हा झहीर त्याच मुंबई संघाचा क्रिकेट संचालक होता. तेव्हा खेळाडूचा प्रभाव म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो प्रभाव खरा आहे. माझा प्रश्न पुढचा आहे: हा प्रभाव कोणासाठी खर्च होतो, कोणाविरुद्ध होतो, आणि जंगलाच्या या चित्रात माणूस कुठे उभा आहे?

दलित समीक्षेने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे की मजकूर वाचताना त्यात कोण बोलतो याच्याइतकेच कोण गाळला गेला हे पाहावे. त्या दृष्टीने २०१० सालची ‘वाघ वाचवा’ ही मोहीम पाहू. एअरसेल ही दूरध्वनी कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांची ती मोहीम. २००८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेतला १,४११ हा आकडा तिने घरोघर नेला. महेंद्रसिंग धोनी आणि फुटबॉलपटू बायचुंग भुतिया तिच्या जाहिरातींत होते. तिच्यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे आईची वाट पाहणारा वाघाचा बछडा. आई बहुधा परत येणार नाही, हे प्रेक्षकाने समजून घ्यायचे. मग प्रेक्षकाने काय करायचे? बोलायचे, लिहायचे, इतरांना सांगायचे. दूरध्वनी कंपनीला याहून सोयीचा उपाय कोणता असणार! हीच कंपनी धोनीच्या चेन्नई संघाची पुरस्कर्तीही होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

या मजकुरात वाघ आहे, जंगल आहे, आणि हळहळणारा शहरी प्रेक्षक आहे. जंगलात राहणारा माणूस नाही. असलाच तर तो चौकटीबाहेर आहे आणि बछड्याच्या आईचा मारेकरी आहे. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या त्या वाघाशेजारी झोपडी बांधली, त्याला या कथेत गुन्हेगाराखेरीज दुसरी भूमिका दिलेली नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला मराठी ललित साहित्याने जी वागणूक दीर्घकाळ दिली, तीच ही. तिथेही आपण एक तर नव्हतो, नाही तर चोर होतो.

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. आमच्याकडे ‘रान’ म्हणजे शेतही आणि जंगलही. ‘बाप रानात गेलाय’ म्हटले की तो कामावर गेला, एवढाच अर्थ. माणूस वजा केल्यावर जे उरते ते रान, अशी कल्पना आमच्या बोलीत बसतच नाही. ती बाहेरून आली आहे. ज्यांना रानात काम नव्हते, जे तिथे फक्त हौसेने जात, त्यांची ती कल्पना आहे.

आणि हौसेने जाणाऱ्यांत खेळाडू पहिल्यापासून होते. १९३६ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार विजयानगरमचा महाराजकुमार. फलंदाजीपेक्षा त्याची ख्याती तीनशेहून अधिक वाघ मारल्याबद्दल होती. त्या काळी क्रिकेट आणि शिकार हे एकाच दिवाणखान्यातले दोन खेळ होते. हाकारे घालायला खालच्या जातींची आणि आदिवासी माणसे, खेळपट्टीवर रोलर ओढायलाही तीच. पुढे वाघ मारणे गैर ठरले आणि वाघ पाहणे प्रतिष्ठेचे झाले, हे चांगलेच झाले. पण दिवाणखाना बदलला का? पूर्वी भिंतीवर कातडे लावत, आता छायाचित्र लावतात. हाकाऱ्याचा वंशज आज सफारीच्या जीपमागे गेट लावून घेतो.

रोलर ओढणाऱ्यांवरून पालवणकर बाळू आठवले पाहिजेत. चांभार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू चालत होता आणि मैदानाबाहेर चहा मातीच्या वेगळ्या भांड्यातून मिळत होता. आपल्या समाजातून आलेले ते पहिले मोठे खेळाडू. त्यांच्या कीर्तीचे पुढे काय झाले? १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. बाळूंची निंदा करावी म्हणून मी हे सांगत नाही. बाबासाहेबांनाही तरुणपणी त्यांच्याविषयी आदर होता. मला दिसते ते एवढेच की खेळाडूने घामाने मिळवलेला प्रभाव दुसराच कोणी खर्च करू शकतो, आणि तो कोणावर खर्च करायचा हेही तोच ठरवतो. १९३७ मध्ये पक्षाने ठरवले. आज कंपनी ठरवते, संस्था ठरवते, सरकारचे खाते ठरवते.

खेळाडू स्वतः ठरवतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण याच जाहिरातींतल्या भुतियाचे आहे. एप्रिल २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकची ज्योत दिल्लीत येणार होती. तिबेटी लोकांच्या बाजूने उभे राहायचे म्हणून भुतियाने ती ज्योत हाती घेण्यास नकार दिला. तो स्वतः सिक्कीमच्या डोंगरातला, भुतिया जमातीतला. त्या नकारात एक बलाढ्य सरकार नाराज होणार होते, आयोजक नाराज होणार होते. दोन वर्षांनी तोच भुतिया वाघाच्या जाहिरातीत आला, तेव्हा नाराज होणारे कोणीच नव्हते. वाघाच्या बाजूने बोलायला धाडस लागत नाही. त्याच्या जंगलावर कोणाचा डोळा आहे ते सांगायला लागते, आणि नेमके तेच जाहिरातीत नव्हते.

आता पुन्हा बुटांकडे येऊ. बुटावरचा गेंडा काझीरंग्याचा. तिथे गेंडे वाढले आहेत: २०१८ च्या गणनेत २,४१३, २०२२ मध्ये २,६१३. शिंगासाठी गेंडा मारणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांच्याशी लढताना वनरक्षकांचे जीवही जातात. हे सगळे मान्य. पण त्याच काझीरंग्यात २०१० पासून वनरक्षकांना गोळीबाराबाबत खटल्यापासून संरक्षण देणारा शासकीय आदेश आहे. जुलै २०१६ मध्ये सात वर्षांच्या एका आदिवासी मुलाच्या पायाला वनरक्षकांची गोळी लागली आणि तो अधू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात उद्यानालगतची वस्ती उठवताना पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. २०१७ मध्ये बीबीसीने या धोरणावर माहितीपट काढला, तेव्हा सरकारने त्या संस्थेला व्याघ्र प्रकल्पांत पाच वर्षे चित्रीकरणाची बंदी केली.

यातले काही रोहितने केले नाही आणि त्याला दोषी धरणे वेडेपणाचे होईल. पण समीक्षा हेतूची होत नसते, मजकुराची होते. गेंडा वाचवा असे म्हणणाऱ्या मजकुराला गेंड्याच्या शेजाऱ्याचा पाय दिसत नसेल, तर त्यातली करुणा अर्धी आहे. आणि अर्ध्या करुणेचा आपल्याला या देशात दांडगा अनुभव आहे. मुंग्यांना साखर घालणाऱ्यांच्या आळीतूनच आपल्या आज्याला पाण्यासाठी हाकलले गेले.

दूरचे आसाम सोडून महाराष्ट्रात येतो. ताडोबाला सचिन तेंडुलकर अनेकदा गेला. त्याची छायाचित्रे आली की ताडोबाची कीर्ती वाढते, पर्यटक वाढतात. त्यातून गाइड, जिप्सीचे चालक, रिसॉर्टमधले कामगार अशी काहींची पोटे भरतात; ते मी नाकारत नाही. पण ताडोबा हे नाव कुठून आले? तारू या गोंडांच्या पूर्वजावरून. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, अशी तिथली कथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे, पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत असे. ज्याच्या नावाचे जंगल, त्याच्या लेकरांना आज गेटवर परवानगी लागते. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही आतली गावे २००७ पासून एकेक करून बाहेर आणली गेली. आणि बाहेर वाघ नाही असेही नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाने मारल्या. देशातले वाघ १,४११ वरून २०२२ च्या गणनेत ३,६८२ झाले, हे यश खरेच आहे. त्या यशाची किंमत कोणत्या घरांतून वसूल झाली हे त्या आकड्याशेजारी छापले जात नाही.

याच चंद्रपुरात, जिथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथे २००९ मध्ये ताडोबालगतच्या लोहारा येथे अदानी समूहाची कोळसा खाण येऊ घातली होती. इको-प्रो या स्थानिक संघटनेचे बंडू धोत्रे उपोषणाला बसले, गावे आणि शहर मागे उभे राहिले, आणि केंद्राने तो प्रस्ताव थांबवला. वाघाचे जंगल असे वाचले. बछड्याची जाहिरात त्यानंतरची. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि तिथला बांबू ग्रामसभा राखते. जंगल राखणारा माणूस आहे. तो चित्रात घ्यायचा नाही, असे ठरवलेले आहे इतकेच.

आमच्या भागात जंगल नाही. प्रवरेच्या पाटाखाली सगळा ऊस. पण बिबट्या आहे आणि तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी गजबजलेल्या त्या शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे त्यांना आढळले. म्हणजे नकाशावर जे अरण्य नाही तेही अरण्य आहे, आणि त्यात राहणारे सर्वांत उघडे माणूस म्हणजे ऊसतोड कामगार. माझे आईबाप सहा महिने कोयत्यावर असत. उसाच्या पाचटाची कोपी, तिला दार नाही. आत आम्ही भावंडे. फडात उतरण्याआधी आई कोयता उसावर बडवून मोठ्याने बोलायची, आत काही असेल तर निघून जावे म्हणून. बछडे सापडले तर बाप म्हणायचा, हात लावू नका, आई येईल न्यायला. वनखाते आज तेच करते, बछडे त्याच जागी ठेवून मादीची वाट पाहते. माझ्या बापाला कोणी निसर्गप्रेमी म्हटले नाही. मुकादमाने उचलीचा हिशेब तेवढा विचारला.

हा बिबट्या बुटावर येणार नाही. तो ज्या उसात राहतो त्यात कारखाना आहे, पाट आहे, मजुरी आहे, रात्रीची वीज आहे. जाहिरातीला असे गुंतलेले जनावर परवडत नाही. माळढोकाचेही तसेच. त्याच्यासाठी सोलापूर आणि आपला जिल्हा मिळून १९७९ मध्ये साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे ते कापून सव्वाबाराशेवर आणले गेले. पण तो पक्षी माळावर राहतो, आणि माळाला अरण्य मानायची शहरी डोळ्याला सवय नाही.

माझ्या एका सहकारी मित्राचा आक्षेप असा की, खेळाडूकडून एवढी अपेक्षा का? तो काही विचारवंत नाही. चार चांगले शब्द बोलतो, तेही बंद करायचे का? आक्षेप रास्त आहे. पण चार चांगल्या शब्दांच्या पुढे गेलेले खेळाडू आहेत, म्हणून मी अपेक्षा करतो. अनिल कुंबळेने निवृत्तीनंतर कर्नाटक राज्य वन्यजीव मंडळाचे उपाध्यक्षपद घेतले. ते पद म्हणजे फायली, बैठका, खाणी आणि रस्त्यांचे प्रस्ताव. ते काम बुटावर मावणारे नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये डोनेल वॉलम या आदिवासी नेटबॉलपटूला राष्ट्रीय संघाच्या गणवेशावर हॅन्कॉक प्रॉस्पेक्टिंग या खाणकंपनीचे नाव नको वाटले. त्या कंपनीच्या संस्थापकाने १९८४ मध्ये तिच्या समाजाला वंध्य करून टाकण्याची भाषा केली होती. ती संघात नवी, एकही सामना न खेळलेली. तरी तिने आपली अडचण सांगितली आणि सहकारी खेळाडू तिच्यामागे राहिल्या. कंपनीने दीड कोटी डॉलरचे प्रायोजकत्व काढून घेतले आणि दोष मुलींवर आला. काही दिवसांनी वॉलम इंग्लंडविरुद्ध पहिला सामना खेळली आणि विजयी गोल तिनेच केला. जमीन, खाण आणि माणूस यांचा संबंध तिला कोणी समजावून द्यावा लागला नाही. तिच्या घरात तो होताच.

आपल्याकडे अशी कसोटी एकदा समोर आली होती. एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते आणि मुंबई-पुण्यात आयपीएलच्या खेळपट्ट्यांना पाणी लागत होते. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने याचिका केली, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. निसर्गाचा प्रश्न खेळाडूच्या पायाखालीच होता. तो न्यायालयात नेला तो खेळाशी संबंध नसलेल्यांनी. २०२३ च्या बाद फेरीत मग प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपे लावण्याची घोषणा झाली. गोलंदाजाने धाव दिली नाही की कुठे तरी झाड. ते कोणाच्या जमिनीवर लागेल, तिथे आधी कोणाची शेळी चरत होती, हे धावफलकावर येत नाही.

तरी सगळेच खेळाडू दूरचे नाहीत. अजिंक्य रहाणे इथून जवळच्या संगमनेर तालुक्यातला, चंदनापुरीचा. २०१५ च्या दुष्काळात त्याने शेतकऱ्यांसाठी पाच लाख रुपये दिले. पैसे देणे चांगलेच. पण त्याच्याकडे पैशाहून मोठे भांडवल आहे. आमच्या पट्ट्यात शेतीपंपाला रात्री वीज मिळते तेव्हा बारे द्यायला शेतमजूर काळोखात उसात उतरतो, आणि बिबट्याही त्याच वेळी उठतो. दिवसा वीज द्या, कोप्यांना दारे आणि दिवे द्या, ही मागणी माणसाचीही आहे आणि बिबट्याचीही. कारण माणूस मेला की पुढचा पिंजरा बिबट्यासाठीच लागतो. अशा अर्जावर आम्ही सह्या घेतो तेव्हा त्या अंगठ्यांसकट कचेरीच्या टेबलावर पडून राहतात. त्यात अजिंक्यची किंवा झहीरची एक सही असली, तर त्या कागदाला वीज कार्यालयात किती वजन येईल, हे फडातल्या कोणत्याही बाईला विचारा.